आई भाचीच्या रूपानं परत आली असेल का?

आलेलं पत्र थोडं संक्षिप्त करून देत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ताई, मी कराडजवळच्या एका गावची. वय सत्तेचाळीस, सासर सांगलीचं. चार वर्षांपूर्वी आई गेली. गावात सगळे तिला आक्का म्हणायचे. शेवटचे दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती, शुद्धीवर नव्हती. मी चहा घ्यायला खाली उतरले आणि तेवढ्यात ती गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावानं शब्द दिला, मी दिला, काकांनी दिला. ऊन चढलं तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. तेव्हापासून मनात एकच, आईचं काहीतरी राहिलं. बहुतेक माझ्याशी बोलायचंच राहिलं.

वर्षाच्या आत भावाला मुलगी झाली. आईच्या मानेवर होता तसाच तीळ. सगळे म्हणाले, आक्काच आली. आता ती तीन वर्षांची आहे. मागे एकदा मला म्हणाली, ‘मी मोठी होते तेव्हा तुला जेवायला वाढायची.’ माझ्या अंगावर काटा आला. मग भावानं आईचे तीन दागिने तिच्यापुढं ठेवले, तिनं बरोब्बर बोरमाळ उचलली. आईचा आवडता दागिना तो, बैठकीतल्या फोटोतही तिच्या गळ्यात तोच आहे. घरात सगळे पोरीला आक्का म्हणतात. वहिनीला ते आवडत नाही, ती चिडते. मी माहेरी गेले की पोरीला मांडीवर घेऊन आईशी बोलावं तसं बोलते, माफी मागते. ती कधी ऐकते, कधी उठून पळते.

एक नातेवाईक म्हणतात, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. मैत्रिणीनं एका बाईंचा नंबर दिला, त्या संमोहनातून मागचे जन्म दाखवतात. पहिल्याच फोनवर म्हणाल्या, आईचा आत्मा तुमच्यापाशी अडकलाय, सहा बैठका लागतील. आणि भाऊ विचारतोय, आई परत आलीच असेल तर यंदा पक्ष कुणाचा घालायचा? ताई, पुनर्जन्म खरंच असतो का? मेल्यावर माणूस जातो कुठं?

– आक्कांची लेक

आक्कांच्या लेकीला सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकी सगळं त्यावर अडलं आहे. पुनर्जन्म असतोच असं छातीठोकपणे सांगता येईल इतका पुरावा आजवर कुणाच्याही हाती लागलेला नाही. माझं मत विचाराल, तर मेलेलं माणूस आपल्या आठवणी घेऊन दुसऱ्या देहात येतं असं मला वाटत नाही. तुमची श्रद्धा वेगळी असेल, तर ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या श्रद्धेचा भार सध्या एका तीन वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आहे, आणि तो आधी उतरवायला हवा. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

हा प्रश्न विचारायला तुम्ही संकोचलात, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. संकोचू नका. कठोपनिषदात नचिकेत नावाचा पोरगा यमाच्या दारात जाऊन नेमकं हेच विचारतो: माणूस गेल्यावर कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो, खरं काय ते सांग. यम काय म्हणतो माहीत आहे? याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, तू दुसरं काहीतरी माग. हत्ती, घोडे, सोनं, हवं तितकं आयुष्य, सगळं देऊ करतो. पोरगा हटत नाही म्हटल्यावरच तो पुढं बोलतो. प्रत्यक्ष मृत्यूच्या देवाच्या तोंडी ज्या परंपरेनं हे वाक्य घातलं, तिला शंकेचं वावडं नव्हतं.

भावाचा पक्षाचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्यानं जिथं बोट ठेवलं आहे, तिथं आपल्या परंपरेतच दोन वेगळे विचार एकमेकांशेजारी बसलेले आहेत. ऋग्वेदातल्या अंत्येष्टीच्या सूक्तांत गेलेलं माणूस यमाकडं, पितरांकडं जातं. पुन्हा जन्म घेण्याची कल्पना तिथं स्पष्ट दिसत नाही. ती ठळक होते उपनिषदांत. छांदोग्यात प्रवाहण जैवलि नावाचा राजा गौतम ऋषीला सांगतो, की ही विद्या तुझ्याआधी कुठल्या ब्राह्मणाला मिळाली नव्हती, आणि मग मेल्यानंतरचे दोन मार्ग समजावतो: पुन्हा जन्माला आणणारा पितृयान आणि परत न आणणारा देवयान. पुढं गीतेनं जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दाखला दिला, तो घरोघरी पोचला. श्राद्ध जुन्या कल्पनेतून आलं, पुनर्जन्म नव्या कल्पनेतून, आणि आपण दोन्ही धरून ठेवलं. आई पितरांत आहे म्हणून पान वाढायचं आणि आई मांडीवर खेळते आहे असंही म्हणायचं, यातली ओढाताण तुमच्या भावानं ओळखली. वेडगळपणा नाही तो.

याच मातीत चार्वाकही होते, राख झालेला देह परत कुठून यायचा असं रोखठोक विचारणारे. बुद्धानं पुनर्भव मानला पण एका देहातून दुसऱ्यात जाणारा कायमचा आत्मा मानला नाही. डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या शिकवणीचा अर्थ लावताना पुढं जाऊन म्हटलं, की देहातली द्रव्यं निसर्गातल्या द्रव्यांत मिसळतात, आत्मा कुठं जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांच्यासोबत लाखोंनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही ही एक होती. त्या घरांतल्या लेकींचं आपल्या आयांवर तुमच्याइतकंच प्रेम आहे. पिंड दिला नाही म्हणून त्यांच्या आया कुठं अडकून पडल्या, असं तुम्ही म्हणाल का?

तेव्हा पक्ष घालायचा असेल तर जरूर घाला. आक्कांना आवडायचं ते करा, चार माणसं बोलवा, त्यांच्या गोष्टी काढा. नको वाटलं तर तेवढ्या पैशात एखाद्या मुलीच्या वह्यापुस्तकांचं बघा. श्राद्ध करणाऱ्याच्या मनाला त्यातून काय मिळतं ते महत्त्वाचं. एकच करू नका: त्या दिवशी पोरीला पाटावर बसवून ‘आक्का जेवल्या’ म्हणू नका.

आता पोरीच्या आठवणींकडं येते. अशा मुलांचा अभ्यास झालेला आहे, आणि तो करणारे लोक साधे नव्हते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९६० च्या दशकापासून जवळजवळ हयातभर हेच काम केलं. भारतातही अनेकदा आले, गावोगाव फिरले. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या डॉ. सतवंत पसरिचा त्यांच्यासोबत होत्या. मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या सुमारे अडीच हजार नोंदी त्यांनी जमवल्या. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, कारण त्यांनी पुनर्जन्म सिद्ध झाला असं कधी म्हटलं नाही. १९६६ मध्ये पहिलं मोठं पुस्तक काढलं तेव्हा शीर्षकातच, ही उदाहरणं पुनर्जन्म ‘सुचवणारी’ आहेत, इतकंच म्हटलं. पुराव्यात त्रुटी आहेत आणि तो कुणाला विश्वास ठेवायला भाग पाडत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. एक आकड्यांचं कुलूप त्यांनी आपल्या विभागात ठेवून दिलं होतं. ते उघडायची खूण फक्त त्यांनाच ठाऊक, मेल्यानंतर जमलं तर कळवीन, असा त्यामागचा विचार. २००७ मध्ये ते गेले. कुलूप उघडल्याची वार्ता नाही.

त्यांच्या नोंदींतून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. अशी मुलं साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात असं बोलायला लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान त्यांचं ते बोलणं आपोआप थांबतं. म्हणजे तुमची भाची आज जे बोलते, ते शाळेत रमली की बहुधा विसरेल. तेव्हा आई दुसऱ्यांदा गेली असं वाटून तुम्ही पुन्हा कोसळाल, याची मला आजच काळजी वाटते. दुसरी गोष्ट, एकाच घरातल्या घटना, म्हणजे नात आजीच्या आठवणी सांगते अशा, पुरावा म्हणून सर्वांत कच्च्या धरतात. कारण उघड आहे. त्या घरात आजीच्या गोष्टी दिवसरात्र चाललेल्या असतात.

तुमच्याच पत्रातलं बघा. बैठकीत आक्कांचा फोटो आहे आणि फोटोत त्यांच्या गळ्यात बोरमाळ आहे, हे तुम्हीच लिहिलंय. पोर जन्मल्यापासून तो फोटो बघते. ‘ही कोण?’ ‘ही आक्का, म्हणजे तू’ असं तिला किती वेळा सांगितलं असेल! मग तीन दागिने पुढं मांडले, तेव्हा ओळखीचा होता तो तिनं उचलला. शिवाय त्या खोलीत कोण कोण होतं? तुम्ही, भाऊ, काकू, शेजारच्या बाया, सगळ्यांना उत्तर माहीत होतं, सगळे श्वास रोखून बसलेले. लहान मूल आपल्या चेहऱ्याकडं बघून हात पुढं करतं, मागं घेतं. आपल्याला कळतही नाही की आपण डोळ्यांनी सांगून टाकलं. आणि ती बोरमाळेऐवजी पाटल्यांकडं वळली असती, तर ती गोष्ट मला पत्रात वाचायला मिळाली असती का? चुकलेलं आपण विसरतो, जुळलेलं वर्षानुवर्षं सांगतो. यात तुमच्या घरच्यांनी काही लबाडी केली असं अजिबात नाही. प्रेमापोटीच होतं हे.

तीन वर्षांच्या मुलांचा आठवणींच्या बाबतीत किती भरवसा धरावा, याचा अमेरिकेतल्या स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत १९९४ मध्ये एक प्रयोग केला होता. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना दर आठवड्याला काही प्रसंगांबद्दल विचारायचे. काही खरे घडलेले, काही कधीच न घडलेले. उदाहरणार्थ, तुझं बोट उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं आणि दवाखान्यात न्यावं लागलं, आठवतं का? नीट आठवून बघ. काही आठवडे हे चाललं. शेवटी नव्या माणसानं विचारलं तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी एका तरी न घडलेल्या प्रसंगाची गोष्ट सांगितली. नुसतं ‘हो’ नव्हे, कोण सोबत होतं, कसं नेलं, सगळं बारकाव्यानिशी. काही मुलांना तर आई-वडिलांनी समजावलं तरी पटेना. ती मुलं खोटं बोलत नव्हती. प्रेमळ मोठी माणसं पुन्हा पुन्हा विचारतात म्हटल्यावर त्यांच्या मनात ते घडूनच गेलं होतं.

‘मी मोठी होते तेव्हा’ हे तर त्या वयाची कितीतरी मुलं म्हणतात. काल, उद्या, मोठं होणं, लहान असणं, सगळ्याची सरमिसळ असते. आणि आत्याला कोण जेवायला वाढायचं, हे तिनं तुमच्याच तोंडून ऐकलेलं असणार. तिळाचं म्हणाल, तर नातीत आजीचा सरासरी चौथा हिस्सा उतरतोच. नाक, केसांचा भोवरा, चालण्याची लकब, तीळ उठण्याची प्रवृत्ती, सगळं वंशानं येतं. आक्का त्या पोरीत आहेतच, त्यासाठी पुनर्जन्म मानायची गरज नाही.

आपल्याकडंच घडलेली एक घटनाही सांगते. १९७४ मध्ये नागपुरात, तिशी ओलांडलेली एक उच्चशिक्षित मराठी स्त्री मधूनमधून स्वतःला शारदा म्हणवू लागली, बंगाली बोलू लागली. त्या अवस्थेत तिला मराठी कळेना, आगगाडी, मोटारी ठाऊक नसाव्यात असं वागायची. स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनी हा प्रकार तपासला, त्यांना तो विलक्षण वाटला. तिनं आधी थोडेसे बंगालीचे धडे घेतल्याचंही तपासात निघालं, आणि तेवढ्या शिदोरीवर मन काय काय उभं करू शकतं यावर जाणकारांत वाद झाला. वाद मिटलेला नाही. मला त्यात पुरावा कमी आणि माणसाच्या मनाची खोली जास्त दिसते.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती दिल्लीची शांतिदेवी. १९२६ मध्ये जन्मली. चार वर्षांची झाली तशी सांगू लागली, माझं घर मथुरेत आहे, माझा नवरा तिथं कापडाचं दुकान चालवतो. चौकशी झाली तेव्हा तिथं खरंच एक केदारनाथ निघाले, ज्यांची पत्नी लुगदी १९२५ मध्ये बाळंतपणानंतर वारली होती. गांधीजींपर्यंत गोष्ट गेली, समिती नेमली गेली, १९३५ मध्ये समितीचे लोक मुलीला घेऊन मथुरेला गेले. त्यांना तिचं बोलणं खरं वाटलं, दुसऱ्या एका तपासनिसानं पुढच्याच वर्षी लिहिलं की यावरून पुनर्जन्माचा निष्कर्ष निघत नाही. लोक अजून यावरच भांडतात. मी मात्र त्या मुलीकडं बघते. नऊ वर्षांची पोर, भोवती गर्दी, समोर मोठा बाप्या ‘नवरा’ म्हणून उभा. पुढं तिनं लग्न केलं नाही. म्हातारपणीही संशोधक दारात येऊन तेच विचारत राहिले. १९८७ मध्ये ती गेली. शांतिदेवी म्हणून तिला काय हवं होतं, हे कुणी विचारलं की नाही कोण जाणे.

म्हणून तुमच्या वहिनीचा राग मला पटतो. तिनं नऊ महिने पोटात वाढवलेलं बाळ जन्मलं आणि घरानं ते सासूच्या नावे करून टाकलं. उद्या तिनं पोरीला रागावलं तर लोक काय म्हणतील? सासूवर आवाज चढवला? आणि पोरीचं बघा. तिला तिचं नाव आहे, तिची आवड आहे, तिला चिखलात खेळायचंय. तुम्ही मांडीवर घेऊन रडत माफी मागता, तेव्हा त्या चिमुरडीला फक्त इतकंच कळतं की आत्या रडतेय आणि त्याला आपण कारण आहोत. ती उठून पळते ते बरोबरच आहे. पळू द्या तिला.

आणखी एक, यावर जरा थांबून विचार करा. प्रत्येक लेकराला आजी हवी असते. ही आजी तिनं पाहिली नाही, पण तिच्या गोष्टी ऐकून ती तिला मिळू शकते. ‘तुझी आजी वारीला जायची, तुझी आजी भाकरी अशी थापायची, तुझी आजी चिडली की गप्प बसायची.’ तूच आक्का आहेस म्हणता म्हणता तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या पोरीची आजीच काढून घेतली. ती तिला परत द्या. आत्या म्हणून हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणीच करू शकणार नाही.

आता तुमच्या चहाबद्दल. त्या घोटभर चहानं तुम्हाला चार वर्षं जाळलं आहे.

माणूस जातं तेव्हा शरीरात काय होतं, एवढं तरी आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. रक्ताभिसरण थांबलं की काही सेकंदांत शुद्ध जाते. मेंदूच्या पेशी प्राणवायूविना काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात. शेवटच्या तासांत घशात येणारी घरघर, थांबून थांबून चालणारा श्वास, बघणाऱ्याला भयंकर वाटतो, पण त्या अवस्थेतल्या माणसाला बहुधा त्याचा त्रास जाणवत नाही असं उपशामक सेवा देणारे, म्हणजे शेवटच्या आजारातला त्रास हलका करणारे डॉक्टर सांगतात. आक्का आधीपासून बेशुद्ध होत्या. तुम्ही खाली उतरलात तेव्हा त्या तुम्हाला शोधत होत्या, हाका मारत होत्या, असं चित्र तुमच्या मनानं रंगवलेलं आहे, वास्तव तसं असण्याची शक्यता फार कमी.

उलट दुसरी शक्यता ऐका. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची नोंद घेतली आणि २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींचे मेंदू आवाजाला निरोगी माणसासारखाच प्रतिसाद देत होते. ऐकलेलं त्यांना समजत होतं का, हे त्यावरून ठरत नाही, ते संशोधकही तसं म्हणत नाहीत. पण शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही उशाशी बसून जे बोललात, हात हातात घेऊन जे पुटपुटलात, ते आक्कांच्या कानापर्यंत पोचलं असण्याला जागा आहे. बोलायचं राहिलं म्हणता, तुम्ही तर बोलत होतात.

हृदय बंद पडून परत आलेल्या लोकांचंही तुम्ही ऐकलं असेल, प्रकाश दिसला, गेलेली माणसं दिसली. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये अशा ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतल्या ६२ जणांना असं काहीतरी अनुभवल्याचं आठवत होतं. अनुभव खरे, अनेकांची त्यानंतर मरणाची भीती कमी झाली. मात्र ते सगळे परत आलेले लोक आहेत. पलीकडं जे आहे किंवा नाही, त्याची ग्वाही त्यांच्याकडूनही मिळत नाही.

कावळ्याचं सांगते. घाटावर गर्दी, सगळ्यांची नजर त्याच्यावर, एकाच वेळी पाच-सहा घरांचे पिंड मांडलेले. सावध पक्षी आहे तो, पोट भरलेलं असेल तर येणारही नाही. या प्रथेत मला एक गोष्ट मोलाची वाटते: त्या निमित्तानं घरची माणसं मोठ्यानं शब्द देतात, ‘बहिणीला अंतर देणार नाही, शेत मोडणार नाही’. पण कावळ्याच्या भुकेवर आईच्या मनाचा निकाल लावायचा, हे आक्कांवर अन्याय करणारं आहे. आणि प्रथा मानायचीच तर पूर्ण माना. दर्भाच्या कावळ्याची सोय त्याच शास्त्रानं ठेवली आहे, म्हणजे त्याच्या लेखी विधी पुरा झाला. बाराव्याला सपिंडीकरण झालं की गेलेली व्यक्ती पितरांत मिळाली असं तेच शास्त्र सांगतं. अडकण्याचा प्रश्न त्याच्या हिशेबातही उरत नाही.

म्हणून नारायण नागबळीसाठी कर्ज काढू नका, उसनवारी करू नका. भावाला आतून वाटत असेल, परवडत असेल, तर त्याचा तो निर्णय. भीतीनं मात्र नको.

त्या संमोहनवाल्या बाईंकडं जाऊच नका, हे मी स्पष्ट सांगते. संमोहनात आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत, माणसाची खात्री तेवढी वाढते. तुमच्यासारख्या अपराधीपणानं पोळलेल्या बाईला तिथं काय ‘दिसेल’ ते मी आत्ताच सांगू शकते: रुसलेली आई. आणि ते दृश्य मग जन्मभर पुसलं जाणार नाही. न भेटता, न तपासता, फोनवर आत्मा अडकल्याचं निदान करून बैठकांचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. मागच्या जन्माच्या नावाखाली बायकांची कशी फसवणूक होते, हे आपल्या राज्यानं इतकं गंभीरपणे घेतलंय की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, तू मागच्या जन्मी माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा वेगळा नोंदवलेला गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. या बाईंनी तसं काही केलं असं मी म्हणत नाही. त्या दारातून आत जाणारं माणूस किती असहाय असतं, एवढंच त्या कलमातून कळतं.

तुम्हाला अजूनही स्वयंपाकघरात आई असल्यासारखं वाटतं का, तिचा आवाज ऐकू येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर घाबरू नका. वेल्समधल्या ड्युई रीस या डॉक्टरनं १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ लोकांशी बोलून नोंदवलं होतं, की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवत होतं. बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. वेड नाही ते. प्रेमाची सवय एवढ्या लवकर सुटत नाही.

तुमच्या आई वारकरी होत्या की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी वर वारीचं सहज लिहून गेले. पण कराडकडच्या घरात तुकोबा असतातच. त्यांनी तर मुक्तीच नको म्हटलं, संतांची संगत दे आणि खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असं देवाकडं मागितलं. जन्म-मरणाचा हिशेब ज्यांना पुरता ठाऊक होता त्यांनीही तो देवावर सोपवला आणि स्वतःकडं माणसांची संगत ठेवून घेतली. तुम्हाला श्रद्धेतच राहायचं असेल तर या वाटेनं राहा.

पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा आधी वहिनीपाशी बसा. ‘माझं चुकलं, तुझ्या लेकीला मी तिच्याच नावानं हाक मारीन’ एवढं म्हणा. मग तिच्या देखत भावाला सांगा, दागिन्यांच्या परीक्षा बंद, आल्यागेल्यासमोर पोरीला बोलतं करणं बंद, आक्का म्हणणं बंद. पोरगी पुन्हा ‘मी मोठी होते तेव्हा’ म्हणाली तर तिला दटावू नका, डोळेही विस्फारू नका. ‘हो का? मग काय झालं?’ म्हणा आणि खेळायला लागा. आईची माफी मागायचीच असेल तर फोटोपुढं मागा, नदीवर मागा, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून मागा. त्यालाही त्या दहाव्याचं ओझं असणार, विचारून बघा.

झोप लागत नसेल, कामात मन लागत नसेल, किंवा आईकडंच जावं असं कधी मनात येत असेल, तर एक दिवसही अंगावर काढू नका. मानसिक आधारासाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सांगलीत मनोविकारतज्ज्ञही आहेत. चार वर्षांचं दुःख त्यांच्यापुढं मांडायला लाज वाटू देऊ नका. वहिनीशी बोलणं झालं की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात भाचीचं खरं नाव लिहा. मी ते इथं छापणार नाही, पण मला ते कळायला हवं आहे.